कललेली चाके

एखाद्या गोष्टीविषयी वाद पडला आणि कोणी तिचे छायाचित्र पुढे ठेवले, की वाद बहुधा तेथेच मिटतो. माणूस विसरतो, साक्षीदार फितूर होतो, चित्रकार आपल्या मनातला रंग चित्रात मिसळतो; परंतु कॅमेऱ्याला ना स्वार्थ, ना कल्पनाशक्ती. त्याच्या समोर जे घडले तेच त्याने टिपले, अशी सर्वांची श्रद्धा असते आणि ती बहुतांशी रास्तही आहे. परंतु समोरची वस्तू वेगाने धावू लागली, की हाच निःस्पृह साक्षीदार कधी कधी मोठी चमत्कारिक साक्ष देतो. वाटोळे चाक अंड्यासारखे लांबट होते, सरळ खांब कलतो, विमानाच्या पंख्याची पाती आसापासून सुटून कोयत्यांसारखी हवेत तरंगू लागतात. यात कोणाची लबाडी नसते, भिंगात खोट नसते आणि छपाईतही दोष नसतो. मग ही विकृती येते कोठून? आणि तिला विकृती म्हणणे तरी कितपत न्याय्य आहे?

या प्रश्नाचा विचार करताना एका फ्रेंच छायाचित्राची आठवण प्रथम होते. झाक आंरी लार्तिग याचा जन्म १८९४ सालचा. बालपणापासूनच त्याला छायाचित्रणाचा छंद होता आणि विमाने, मोटारी, उड्या मारणारी माणसे अशा गतिमान गोष्टींची त्याला विशेष ओढ होती. विशीही न गाठलेल्या या तरुणाने फ्रान्समधील मोटारींच्या एका मोठ्या शर्यतीत समोरून भरधाव जाणाऱ्या गाडीचे चित्र घेतले. गाडीचा पुढचा भाग चौकटीबाहेर निसटला आहे. मागच्या अंगावर ६ हा आकडा रंगविलेला आहे. गाडीचे मागचे चाक वाटोळे राहिलेले नाही. ते लांबट झाले असून गाडीच्या दिशेने पुढे झुकले आहे, जणू काही गाडीच्याही आधी त्याला पुढे पोहोचायचे आहे. आणि रस्त्याच्या कडेला स्वस्थ उभे असलेले प्रेक्षक व खांब मात्र नेमके उलट्या बाजूस, मागे, कलले आहेत. जणू गाडीच्या झपाट्याने उठलेल्या वाऱ्याने त्यांना मागे रेटले आहे. वाऱ्याचा अर्थातच येथे काही संबंध नाही. हे चित्र पुष्कळ वर्षे अप्रकाशित राहिले. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने लार्तिगच्या चित्रांचे प्रदर्शन भरविले, आणि त्यानंतर वेगाचे चित्र म्हटले की जाणकारांच्या डोळ्यांपुढे हेच चित्र उभे राहू लागले. ते १९१२ च्या शर्यतीचे म्हणून प्रसिद्ध झाले होते. पुढे अभ्यासकांनी तपास करून ते १९१३ च्या शर्यतीचे असल्याचा निष्कर्ष काढला. छायाचित्र आपली तारीख स्वतः सांगत नाही, ती बाहेरून ठरवावी लागते. परंतु त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, या चित्राला एकच एक क्षण मुळी नाहीच. त्यातील चाकाचा खालचा कडा एका क्षणाचा आहे, आणि वरचा कडा नंतरच्या क्षणाचा.

हे कसे घडते ते समजण्यासाठी कॅमेऱ्याच्या झडपेची, म्हणजे शटरची, रचना पाहिली पाहिजे. छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळात प्रकाश टिपून घेणाऱ्या काचा इतक्या मंद होत्या की, भिंगावरचे झाकण हाताने काढून सावकाश पुन्हा बसविले तरी चालत असे. समोर बसलेल्या माणसाने तेवढा वेळ पुतळ्यासारखे बसून राहावे एवढीच अट. पुढे काचा तीव्र झाल्या, आणि सेकंदाच्या शंभराव्या, हजाराव्या भागापुरताच प्रकाश आत घेण्याची गरज उत्पन्न झाली. या कामासाठी मुख्यतः दोन प्रकारच्या झडपा निघाल्या. पहिल्या प्रकारात भिंगाच्या पोटातच पातळ धातूच्या पाकळ्या बसविलेल्या असतात. त्या मध्यापासून कडेकडे उमलतात आणि लगेच मिटतात. भिंगाच्या मध्यातून आलेला प्रकाशही सगळ्या काचेवर पसरत असल्यामुळे, पाकळ्या किंचित उघडल्या तरी संपूर्ण चित्रावर एकाच वेळी प्रकाश पडू लागतो. ही पद्धत निर्दोष खरी. परंतु पाकळ्यांनी उमलून, थांबून, पुन्हा उलट्या दिशेने मिटायचे म्हणजे वेळ लागणारच. त्यामुळे उत्तम झडपाही साधारणतः सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंत येऊन थांबत.

दुसरा प्रकार याहून धाडसी होता. भिंगापाशी काही न करता, काचेच्या अगदी पुढ्यातच एक काळा पडदा बसवावयाचा, त्या पडद्याला एक आडवी फट ठेवावयाची आणि स्प्रिंगच्या जोरावर तो पडदा काचेवरून सर्रकन खाली सोडावयाचा. फट जितकी अरुंद, तितका काचेच्या प्रत्येक बिंदूला मिळणारा प्रकाश अल्पकालीन. जर्मनीतील ओटोमार आन्शुट्झ याने १८८० नंतरच्या दशकात अशी झडप सिद्ध केली, आणि उडणाऱ्या करकोच्यांची त्याची चित्रे पाहून लोक थक्क झाले. सेकंदाच्या हजाराव्या भागाची मजल आता छायाचित्रकाराच्या आटोक्यात आली. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार पुढे अनेक वर्षे याच जातीचे कॅमेरे खांद्याला अडकवून हिंडत असत.

परंतु या युक्तीत एक मेख होती. प्रत्येक बिंदूला सेकंदाचा हजारावा भागच प्रकाश मिळतो हे खरे. पण सगळ्या बिंदूंना तो एकाच वेळी मिळत नाही. फटीला काचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यास सेकंदाचा विसावा वा तिसावा भाग लागतो. म्हणजे चित्राचा प्रत्येक भाग स्वच्छ आणि रेखीव. परंतु प्रत्येक भागाची वेळ निराळी.

या दोन झडपांतील भेद भारताच्या जनगणनेच्या इतिहासावरून चांगला ध्यानात येतो. १९३१ पर्यंत या देशात शिरगणती एका ठरलेल्या रात्री होत असे. त्या रात्री जो जेथे असेल तेथे त्याची नोंद व्हावी असा दंडक होता. १९४१ पासून ही पद्धत बदलली, आणि गणनाधिकारी काही दिवसांच्या मुदतीत घरोघर फिरून नोंदी करू लागले. एका रात्रीची शिरगणती म्हणजे पाकळ्यांची झडप. घरोघर फिरणारा गणनाधिकारी म्हणजे फटीचा पडदा. जे लोक आपल्या घरी स्वस्थ आहेत त्यांच्या बाबतीत दोन्ही पद्धतींचे उत्तर एकच येईल. परंतु एखादा माणूस याच मुदतीत गल्लीतल्या एका घरातून दुसऱ्या घरात जात असेल, तर दक्षता न घेतल्यास त्याची नोंद दोनदा होईल, किंवा एकदाही होणार नाही. यात गणनाधिकाऱ्याने एकही खोटी नोंद केलेली नाही. ज्या घरी त्याने ज्या वेळी जो पाहिला तोच त्याने लिहिला. चूक होते ती, त्या सगळ्या नोंदी एकाच क्षणाच्या आहेत असे मानणाऱ्याची.

आता लार्तिगच्या मोटारीकडे वळावे. भिंगातून काचेवर पडणारी प्रतिमा उलटी असते. रस्ता वरच्या अंगाला आणि आकाश खालच्या अंगाला. पडद्याची फट वरून खाली घसरली, म्हणजे प्रत्यक्षातील दृश्य तिने खालून वर असे पाहिले. चाकाचा जमिनीला टेकलेला भाग आधी नोंदला गेला, मग आस, आणि सर्वांत शेवटी वरचा कडा. तेवढ्या अवधीत गाडी पुढे सरकली, म्हणून चाकाचा वरचा भाग पुढे झुकला. हिशेबच करावयाचा तर समजा, गाडीचा वेग ताशी १०८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३० मीटर आहे, फटीला काचेवरून जाण्यास सेकंदाचा विसावा भाग लागतो, आणि चाकाने चित्राची निम्मी उंची व्यापली आहे. तर चाकाचा तळ आणि माथा यांच्या नोंदींत सेकंदाच्या चाळिसाव्या भागाचे अंतर पडेल, आणि तेवढ्यात गाडी ७५ सेंटिमीटर पुढे जाईल. चाकाचा माथा त्याच्या तळापासून पाऊण मीटर सरकलेला दिसेल. मग ते वाटोळे कसे राहणार?

परंतु प्रेक्षक का कलले? ते तर जागचे हललेही नव्हते. याचे उत्तर असे की, छायाचित्रकार स्वतः हलत होता. धावत्या गाडीला चौकटीत धरून ठेवण्यासाठी लार्तिगने कॅमेरा गाडीच्या रोखाने फिरविला. मात्र गाडी इतकी वेगवान होती की, कॅमेरा तिच्या किंचित मागे पडला. कॅमेऱ्याच्या दृष्टीने गाडी थोडीशी पुढे सरकत होती आणि स्थिर प्रेक्षक मागे सरकत होते. म्हणून गाडी पुढे कलली, प्रेक्षक मागे. एकाच चित्रात दोन उलट्या दिशांचे हे जे कलणे आहे, त्यात कॅमेऱ्याची गती आणि गाडीची गती या दोहोंची नोंद आहे. कॅमेरा गाडीच्या अगदी बरोबरीने फिरला असता तर चाक वाटोळे आले असते आणि प्रेक्षक आणखीनच कलले असते. कॅमेरा स्थिर असता तर प्रेक्षक ताठ उभे दिसले असते आणि गाडी अधिक झुकली असती. जाणत्या डोळ्याला हे सारे चित्रातून वाचता येते.

फटीची दिशा बदलली की विकृतीचा प्रकारही बदलतो. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका या लहान कॅमेऱ्यात कापडी पडदा आडवा सरकत असे. अशा कॅमेऱ्यात धावणाऱ्या गाडीची प्रतिमा फटीच्याच दिशेने सरकत असली, तर फटीला तिचा पाठलाग करावा लागतो आणि गाडी लांबलचक दिसते. ती उलट दिशेने येत असली, तर दोघींची गाठ लवकर पडते आणि गाडी आखूड, आपटून चेपल्यासारखी दिसते. एकच गाडी त्याच रस्त्यावरून एकदा डावीकडून उजवीकडे आणि एकदा उजवीकडून डावीकडे गेली, तर तिच्या दोन चित्रांत दोन निराळ्या लांबीच्या गाड्या दिसतील! वेग बेताचा असला तर हा फरक नजरेस येत नाही, आणि म्हणूनच लाखो लोकांनी असे कॅमेरे निर्धास्तपणे वापरले.

वस्तुतः हा चमत्कार छायाचित्रणाहूनही जुना आहे. इंग्रजी शब्दसंग्रहाच्या कोशामुळे ज्याचे नाव पुढे घरोघर पोहोचले तो पीटर मार्क रॉजे हा व्यवसायाने वैद्य होता. कोश निघाला १८५२ साली. त्याच्या कितीतरी आधी, डिसेंबर १८२४ मध्ये, लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा एक निबंध वाचला गेला. विषय साधाच होता. उभ्या गजांच्या कुंपणापलीकडून गाडी जाऊ लागली, तर तिच्या चाकाचे आरे सरळ न दिसता वाकलेले दिसतात. असे का व्हावे? रॉजेने निरीक्षण केले की, आसाच्या बरोबर वरचा व बरोबर खालचा असे दोन आरे सरळच दिसतात. मधले सारे वाकतात, आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना त्यांचा फुगीर भाग नेहमी खालीच वळलेला असतो. चाक नुसते जागच्या जागी फिरत असेल तर हा भास होत नाही. फिरणे आणि पुढे जाणे या दोन्ही गती हव्यात. त्याचे स्पष्टीकरण असे की, गजांमधल्या प्रत्येक फटीतून एका वेळी आऱ्याचा एक लहानसा अंश तेवढा दिसतो. पुढच्या क्षणी दुसरा अंश, दुसऱ्या जागी. डोळ्यावर उमटलेले हे निरनिराळ्या क्षणांचे अंश मिळून एक वक्ररेषा तयार होते. छायाचित्रण ज्या काळी बाल्यावस्थेतही नव्हते, त्या काळी एका वैद्याने कुंपणाच्या गजांतून पुढच्या शतकातील झडपेचे गणित मांडून ठेवले होते, असेच म्हणावे लागते.

गतीच्या बाबतीत डोळा आणि कॅमेरा यांचे भांडण या आधीही झाले होते. चित्रकार शतकानुशतके धावता घोडा काढताना त्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेले दाखवीत. झेरिको या फ्रेंच चित्रकाराने १८२१ साली रंगविलेल्या एप्सम येथील शर्यतीच्या विख्यात चित्रातले घोडे तसेच धावतात. १८७८ च्या जून महिन्यात कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज याने बारा कॅमेरे ओळीने मांडून दौडत्या घोडीची चित्रे घेतली, आणि घोड्याचे चारही पाय अधांतरी असतात ते ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना, हे सिद्ध झाले. त्या वेळी कॅमेऱ्याने चित्रकारांची चूक दुरुस्त केली. गंमत अशी की, पुढे फटीच्या झडपेने चित्रकारांना एक नवा संकेत शिकविला. मोटार भरधाव चालली आहे असे दाखवावयाचे झाले, की व्यंगचित्रकार तिची चाके लांबट काढून पुढे झुकवू लागले. प्रत्यक्षात असे चाक कोणीही पाहिलेले नाही. तरी पाहणाऱ्याला ते चित्र खोटे न वाटता वेगवान वाटते. यंत्राची मर्यादा कलेची भाषा बनली, ती अशी.

कापडी पडद्यांचे कॅमेरे आज क्वचितच हाताळले जातात. परंतु फट मात्र गेलेली नाही. ती प्रत्येकाच्या खिशात येऊन बसली आहे. आजच्या भ्रमणध्वनीतील कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी लक्षावधी सूक्ष्म प्रकाशग्राहकांची एक चकती असते, आणि बहुतेक चकत्यांवरची नोंद एकदम न वाचता ओळीमागून ओळ अशी वाचली जाते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जाण्यास कॅमेऱ्याच्या जातीप्रमाणे सेकंदाचा शंभरावा ते तिसावा भाग लागतो. पडदा नाही, फट नाही, स्प्रिंग नाही. परंतु घरोघर हिंडणारा गणनाधिकारी तोच आहे. म्हणूनच धावत्या आगगाडीच्या खिडकीतून घेतलेल्या चित्रात रुळांच्या कडेचे खांब तिरपे उभे राहतात, आणि दूरचे डोंगर मात्र जसेच्या तसे असतात. कारण डोंगर डोळ्यांपुढून सावकाश सरकतात, खांब झपाट्याने.

विमानाच्या पंख्याची तर मोठीच त्रेधा उडते. मिनिटाला २४०० फेरे घेणारा पंखा सेकंदाला ४० फेरे घेतो. चित्राच्या ओळी वाचण्यास सेकंदाचा चाळिसावा भाग लागत असेल, तर तेवढ्या वेळात पंख्याचा एक संपूर्ण फेरा होतो. ज्या बाजूचे पाते वाचनाच्या दिशेने खाली येत असते, त्याच्याबरोबर वाचन काही काळ चालत राहते आणि ते पाते रुंद, फोफावलेले दिसते. दुसऱ्या बाजूस पाती खालून वर येतात; त्यांची आणि वाचनाची गाठ पुन्हा पुन्हा पडते, आणि तेथे बारीक पात्यांची रांगच लागते. दोन पात्यांच्या पंख्याला दोनाहून अधिक पाती फुटतात आणि त्यांपैकी काहींचा आसाशी संबंधही उरत नाही. गल्लीत हिंडणाऱ्या माणसाची शिरगणतीत दोनदा नोंद व्हावी, तसाच हा प्रकार.

तंबोऱ्याच्या तारेचीही अशीच कथा आहे. लख्ख उजेडात तारेच्या लांबीच्या दिशेने ओळी वाचल्या जातील असा कॅमेरा धरून छेडलेल्या तारेचे चित्र घेतले, तर तार नागमोडी दिसते. पाहणाऱ्याला वाटते, स्वराची लहरच डोळ्यांना दिसली! परंतु तार त्या क्षणी तशी वळलेली नसते. सेकंदाला सुमारे १३० वेळा कंप पावणारी तार सेकंदाच्या चाळिसाव्या भागात तीनदा इकडून तिकडे जाऊन येते, आणि कॅमेरा तारेचा एकेक तुकडा एकेका क्षणी पाहत जातो. चित्रात दिसणारी वळणे तारेच्या आकाराची नव्हेत, तिच्या हेलकाव्यांच्या काळाची असतात. काळ येथे लांबी होऊन कागदावर उतरलेला असतो.

येथवरच्या उदाहरणांत कुतूहल आहे, विस्मय आहे. परंतु कोणाचे फारसे बिघडले नाही. आता जेथे अशाच चित्रावर माणसाच्या आयुष्यभराच्या कष्टांचा निवाडा होतो, त्या जागी यावे. ८ ऑगस्ट १९८४ रोजी लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिक मैदानात स्त्रियांची ४०० मीटर अडथळ्यांची अंतिम शर्यत झाली. भारताच्या पी. टी. उषा या शर्यतीत धावत होत्या. रुमानियाच्या क्रिस्तियाना कोजोकारू यांची वेळ ५५.४१ सेकंद आणि उषा यांची ५५.४२ सेकंद. कांस्यपदक कोजोकारूंना मिळाले, उषा चौथ्या आल्या. सेकंदाचा शंभरावा भाग! त्या शर्यतीच्या सरासरी वेगाने पाहिले तर एवढ्या वेळात धावणारी व्यक्ती सुमारे सात सेंटिमीटर पुढे जाते. चार बोटांएवढे हे अंतर. अनेक वर्षांची तपश्चर्या, आणि देशाने मनाशी बाळगलेली आशा, या चार बोटांत अडकली होती. हा निवाडा कोणी केला? मानवी डोळ्याला हे शक्य नव्हते. साधा कॅमेराही येथे निरुपयोगी. कारण त्याचे चित्र एखाद्या क्षणाचे, आणि नेमका तो क्षण कोणाच्याही पोहोचण्याचा असेलच असे नाही.

अंतिम रेषेवरचा कॅमेरा या अडचणीतून मार्ग काढतो, तो फटीची विकृती टाळून नव्हे, तर ती पराकोटीला नेऊन. त्याची फट हलत नाही. ती उभी असते आणि अंतिम रेषेवर खिळलेली असते. फटीमागून फिल्म एकसारखी सरकत राहते. आजच्या यंत्रांत फिल्मच्या जागी एकच उभी ओळ सेकंदातून हजारो वेळा वाचली जाते. म्हणजे या चित्रातील प्रत्येक उभी ओळ एकाच जागेची, अंतिम रेषेची, असते. फक्त वेळ निराळी. चित्रात डावी-उजवी बाजू उरतच नाही. आधी आणि नंतर एवढेच उरते. अशा चित्रात माणसांचे आकार विलक्षण होतात. रेषेवर टेकलेले पाऊल फटीपुढे रेंगाळते, म्हणून ते होडीसारखे लांब दिसते. झपाट्याने पुढे फेकलेला हात काडीसारखा बारीक होतो. सायकलीच्या शर्यतीत तर रॉजेने कुंपणामागे पाहिले तेच दृश्य हुबेहूब उमटते : फिल्मचा वेग सायकलीच्या वेगाशी जुळला असेल तर चाकाची धाव वाटोळीच राहते, आणि आरे मात्र वाकतात. चित्र म्हणून हे विद्रूप. परंतु वेळ मोजण्याचे साधन म्हणून याहून विश्वासू दुसरे नाही. कोणाची छाती रेषेवर आधी आली, हात-पाय वा डोके नव्हे, एवढेच पंचांना पाहावयाचे असते, आणि ते या चित्रात सरळ मोजपट्टीने मोजता येते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या ४०० मीटर शर्यतीत ओटिस डेव्हिस आणि कार्ल काउफमान या दोघांचीही वेळ ४४.९ सेकंद नोंदली गेली, आणि सुवर्णपदक डेव्हिस यांना मिळाले ते अशाच चित्राच्या आधारे. याच शर्यतीत मिल्खा सिंग चौथे आले होते.

हाच फटीचा न्याय आज अंतराळातूनही वापरला जातो. मार्च १९८८ मध्ये भारताचा आय. आर. एस.-१ ए हा दूरसंवेदन उपग्रह सोडण्यात आला. पृथ्वीपासून सुमारे ९०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या या उपग्रहातील कॅमेरा जमिनीचे चित्र एकदम घेत नसे. तो खालच्या जमिनीची एकेक आडवी ओळ पाहत जाई, आणि उपग्रह पुढे सरकला की पुढची ओळ त्याच्या दृष्टीस येई. येथे धावणारी वस्तू कोण? खुद्द पृथ्वी! दीडशे किलोमीटर लांबीचा पट्टा ओलांडण्यास अशा उपग्रहाला सुमारे २३ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात पृथ्वीच्या परिवलनामुळे महाराष्ट्राच्या अक्षांशावरची जमीन पूर्वेकडे जवळजवळ दहा किलोमीटर सरकते. त्या नोंदी आल्या तशाच एकाखाली एक मांडल्या, तर लार्तिगच्या चाकासारखे सारे जिल्हे, नद्या आणि रस्ते तिरपे होतील. म्हणून नकाशा करण्यापूर्वी प्रत्येक ओळ हिशेबाने योग्य तेवढी बाजूला सरकवावी लागते. विकृतीचे कारण आणि प्रमाण ठाऊक असल्यामुळे ती दूर करता येते. ते ठाऊक नसते तर शेताच्या बांधावरून तंटे लागले असते.

या दोषावर यांत्रिक उपायही निघाला आहे. चकतीवरील सर्व ग्राहकांनी एकाच क्षणी प्रकाश घ्यावा आणि एकाच क्षणी थांबावे, अशी रचना कारखान्यांतील यंत्रांवर देखरेख करणाऱ्या कॅमेऱ्यांत पूर्वीपासून होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये सोनी कंपनीने अशा मोठ्या चकतीचा कॅमेरा व्यावसायिक छायाचित्रकारांसाठी जाहीर केला. एका रात्रीची शिरगणती अशा रीतीने पुन्हा आली आहे. परंतु ती खर्चाची आहे, आणि जगात रोज घेतली जाणारी बहुसंख्य चित्रे अजून ओळीओळीनेच वाचली जातात. शिवाय क्षण कितीही लहान केला तरी तो शून्य होत नाही. प्रत्येक छायाचित्र हा काळाचा एक काप असतो, मग तो जाड असो की पातळ, सरळ असो की तिरपा.

यावरून छायाचित्रावर विश्वासच ठेवू नये असा निष्कर्ष काढणे मात्र उतावळेपणाचे ठरेल. ज्या चित्रात माणसांची पावले होड्यांसारखी दिसतात त्याच चित्राचा निकाल सारे जग मान्य करते, आणि ज्या चित्रात चाक झुकते त्याच चित्रातून कॅमेरा किती फिरला व गाडी किती धावली हे वाचता येते. साक्षीदार प्रामाणिक असला, तरी तो कोठे उभा होता आणि त्याने काय कोणत्या क्रमाने पाहिले, हे न्यायाधीश विचारून घेतोच. छायाचित्रालाही तेच विचारावयास हवे. अपघाताच्या, गर्दीच्या वा धावपळीच्या एखाद्या चित्रावरून कोणाला दोषी ठरविण्यापूर्वी, ते चित्र कोणत्या झडपेतून, कोणत्या दिशेने आणि किती वेळात उतरले याची चौकशी झाली पाहिजे. कललेला खांब पाहून खांब पडत होता असे म्हणणारा जितका चुकतो, तितकाच चुकतो तो चित्र खोटे आहे असे म्हणणारा. खांबही खरा असतो, चित्रही खरे असते. दोहोंच्या मध्ये काळ उभा असतो, आणि हिशेबात धरावयाचा राहून गेलेला असतो तो तेवढाच.